पाय जळतात, बधिर होतात: गोळीआधी बॉलपेन घ्या

गोव्यातल्या डिचोलीत फिजिओथेरपीचं काम करताना मला एकोणीस वर्षं झाली. कंबर, गुडघे, खांदे तर येतातच. पण खुर्चीत बसता बसता ‘पांयांक उजो लागला’ (पायांना आग लागली) म्हणणारं कोणी आलं नाही, असा आठवडा मला आठवत नाही. सोबत बहुतेक वेळा कुठल्या तरी ‘नसांच्या’ गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी असते, कंबरेचा एखादा एमआरआय असतो आणि शेजारणीने सुचवलेलं तेल असतं. पायांकडे मात्र कोणी नीट बघितलेलं नसतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघते, तो क्रम इथे लिहून ठेवते. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

तक्रारी कशा असतात

- रात्री तळपाय भाजल्यासारखे जळतात. पांघरुणाचा स्पर्शही नको होतो, थंड फरशीवर पाय टेकले की बरं वाटतं.
- बोटं बधिर. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी चार पावलं कळत नाही.
- मुंग्या, टाचण्या, मधूनच विजेचा झटका.
- तळव्याखाली कापूस, वाळू किंवा दुमडलेला मोजा असल्याचा भास.
- बोटांच्या मुळाशी खडा अडकल्यासारखं वाटतं, चप्पल काढून बघावी तर खडा नसतोच.
- तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीत भिंत धरावी लागते.

शेवटची तक्रार कोणी आपणहून सांगत नाही, मला विचारावी लागते. पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणाऱ्या नसा मंदावल्या की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले की तो आधारही जातो.

हे असेल तर इथेच थांबा

खालच्यापैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा.

एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर किंवा लुळा झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत वर चढते आहे. कंबर दुखते आणि त्याबरोबर बसण्याची जागा, जांघांचा आतला भाग बधिर झालाय, लघवी अडते किंवा कळत नाही. पाय एकाएकी थंडगार, पांढुरका किंवा निळसर पडून असह्य दुखतो आहे. पाऊल एकदम लटकं पडलं, वर उचलता येत नाही.

आणि मधुमेह असलेल्या माणसाचा एकच पाय लाल, गरम, सुजलेला दिसला, तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर. ‘मुरगळला असेल’ म्हणून लोक अशा पायावर आठवडाभर चालतात. बधिर पायातली हाडं न दुखता मोडू शकतात आणि चालत राहिलं की पावलाचा आकारच बदलतो. जखम, पू, काळी पडलेली त्वचा यांनाही हाच नियम.

पहिली तपासणी: बॉलपेन

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. पाय धुऊन कोरडे करा, उजेडात बसा आणि जिथे जळतं किंवा बधिर वाटतं त्या जागेची हद्द बॉलपेनने पायावरच आखा. दोन्ही पायांवर. दुसऱ्या पायाला ‘थोडंसंच होतं’ असेल तरीही.

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, त्या सुमारास एक ट्रकचालक माझ्याकडे आला. उजवा तळवा जळतो म्हणाला. हातात कंबरेचा एमआरआय, त्यात खालची चकती थोडी सरकलेली. ट्रक, उजवा पाय, कंबर, सगळं जुळत होतं. मी तीन आठवडे ट्रॅक्शन (कंबरेला ताण) दिलं, शेक दिला, व्यायाम करून घेतले. फरक शून्य. चौथ्या आठवड्यात त्याची बायको दाराशी उभी राहून म्हणाली, “डावापण जळतो त्यांचा. उजवा जास्त जळतो म्हणून तेवढंच सांगतात.” मी पेन दिलं. दोन्ही पायांवर रेघ उठली, बोटांपासून घोट्यापर्यंत, अगदी मोजा घातल्यासारखी. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासली तर तीनशेच्या वर. एमआरआय खोटा नव्हता. पण सरकलेली चकती कसलंही दुखणं नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये दिसते, आणि मी एका पायाची गोष्ट ऐकून तिच्याच मागे लागले होते.

नकाशा असा वाचायचा.

दोन्ही पायांवर सारखी, मोज्यासारखी रेघ: बिघाड रक्तातून आलेला. साखर, बी-१२, दारू, मूत्रपिंड, थायरॉइड, औषधं. बोटांपासूनच का, तर शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा तिथवर जातात. संवेदनेच्या नसेचा मूळ पेशीभाग कंबरेजवळ मणक्याच्या बाजूला असतो आणि तिथून बोटाच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटरचा धागा. त्या धाग्याला लागणारा माल मुळाशी तयार होऊन टोकापर्यंत जावा लागतो. नळाला पाणी कमी आलं की ओळीतलं शेवटचं घर आधी कोरडं पडतं, तसंच. म्हणूनच बधिरपणा गुडघ्यांच्या आसपास पोचला की बहुधा हातांची बोटंही मुंग्यांची तक्रार करायला लागतात.

एकाच पायावर पट्टा: कंबरेतली दबलेली नस. अंगठा आणि पावलाची वरची बाजू असेल तर पाचवी कमरेची नस. करंगळी, बाहेरची कड आणि टाच असेल तर तिच्या खालची.

फक्त तळवा, तोही एकाच पायाचा: घोट्याच्या आतल्या बाजूने नस तळव्याकडे जाते, तिथला अरुंद बोगदा.

फक्त तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधली जागा: तिथली बारीक नस जाड झालेली. खडा अडकल्याचा भास याचाच.

एखादाच गोल ठिपका, आजूबाजूचं सगळं ठीक: याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी: नुसतं बघा

वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बोटं एकेक करून फाकवा. जून उजाडला की माझ्याकडे ‘नस जळते’ म्हणून येणाऱ्यांतल्या काही जणांच्या बोटांत साध्या चिखल्या असतात. शेतात नाहीतर गमबुटात दिवसभर भिजलेले पाय, बोटांच्या बेचक्यात पांढरी, ओली, सोललेली त्वचा. जळजळ, खाज. हा नसेचा आजार नाही, बुरशी आहे. पाय कोरडे ठेवायचे आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलेले सगळे दिवस लावायचं. चार दिवसांत खाज थांबली म्हणून सोडलं तर श्रावण संपायच्या आत परत येतं. खोबरेल तेल तळव्याला खुशाल चोळा, बेचक्यात मात्र घालू नका. ओल तिथेच कोंडते.

आता तो ठिपका. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर केस गळलेले, घाम येत नाही, आणि कापसाचा स्पर्श तिथे कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायची. हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. देशपातळीवर कुष्ठरोग ही मोठी सार्वजनिक समस्या उरलेली नाही असं २००५ च्या अखेरीस जाहीर झालं, त्यामुळे तो संपलाच असं लोकांना वाटतं. तो संपलेला नाही. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधं फुकट मिळतात, उपचार ६ ते १२ महिन्यांचा असतो आणि वेळेवर सुरू केला तर नस वाचते. चट्टा लपवण्यात गेलेलं वर्ष मात्र परत मिळत नाही. लाज वाटत असेल तर ‘चट्टा दाखवायचा आहे’ एवढंच सांगून जा. पुढचं डॉक्टर बघतील.

बघता बघता पायाचा रंगही बघा. बोटांवरचे केस गेलेत, त्वचा चकचकीत ताणलेली, एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड, आणि विडी-सिगारेट चालू आहे, तर प्रश्न नसेचा नसून रक्तपुरवठ्याचा असू शकतो. त्याची एक खूण: रात्री दुखणारा पाय खाटेवरून खाली लोंबता सोडला की आराम पडतो.

तिसरी: पायात काय घालता, आणि बसता कसे

वर्तमानपत्रावर उभे राहून पायाची बाह्यरेषा काढा. तिच्यावर आपला बूट ठेवा. बुटाच्या बाहेर रेघ दिसली तर निदानाचा निम्मा भाग झाला. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे सेफ्टी शूज घालून आठ-दहा तास उभे असतात. बूट एक नंबर लहान आणि वरून पोलादी टोपी, मग बोटांच्या मधल्या नसेने करायचं काय? पट्टा किंवा नाडी पावलावर घट्ट आवळली तर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा येतो. नाडी एक भोक सोडून बांधा. पंधरा दिवसांत फरक दिसला तर प्रश्न सुटला.

पाऊल दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबून बघा. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये नेमकी कळ उठली, कधी आत टक्‌ झालं, तर जाड झालेल्या नसेचा संशय पक्का. रुंद बूट, टाच खाली आणि बोटांच्या मुळामागे छोटी गादी, एवढ्याने बरेच जण माझ्याकडे परत येत नाहीत.

बसण्याचं म्हणाल तर, तासन्‌ तास उकिडवं बसून बेणणी (तण काढणं) करणाऱ्या बायका आणि टाइल्स बसवणारे कामगार, या दोघांत मला तोच बिघाड दिसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक हाडाची गाठ हाताला लागते. तिच्यावरून नस अगदी कातडीखालून जाते. ती दाबली गेली की नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो, आणि जास्त दाबली तर पाऊल लटकं पडतं. मांडीवर मांडी टाकून बसणाऱ्यांनाही हे होतं, विशेषतः अंग अचानक उतरलेल्यांना, कारण नसेवरची चरबीची गादी गेलेली असते. पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं, छोटं स्टूल घ्यायचं. पाऊल लटकं असेल तर मात्र स्टूलने भागणार नाही. वरची ‘इथेच थांबा’ची यादी परत वाचा.

चौथी: औषधांचा डबा

घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता. आयुर्वेदिक, जीवनसत्त्वं, सगळं.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो. आम्लपित्तावरच्या पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दररोज खाल्ल्या तरी तेच. दोन्ही एकत्र असतील तर बी-१२ तपासलंच पाहिजे. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. ते चालू ठेवून बी-१२ भरून काढता येतं.

क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, कर्करोगावरची काही औषधं यांनीही पायांच्या नसा दुखावतात. ही बंद करायची नसतात, पण डॉक्टरांना सांगायची असतात.

आणि एक गंमत, हसू न येणारी. नसांसाठी म्हणून आपण जी जीवनसत्त्वाची गोळी खातो, तिच्यात बी-६ असतं. पट्टीवर पायरिडॉक्सिन लिहिलेलं असतं. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर बी-६ स्वतःच नसा खराब करतं आणि तक्रार अगदी तीच: जळजळ, बधिरपणा. मग माणूस दुसऱ्या नावाची तशीच गोळी जोडीला घेतो. दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत तेच जीवनसत्त्व निघालं, असं मी कितीदा पाहिलंय.

डब्यात न मावणारं औषधही मोजा. रोजची फेणी किंवा क्वार्टर नसेला थेट बाधते, आणि जेवण सुटलेलं असेल तर बी-१ ची कमतरता त्यात भर घालते. किती घेता हे डॉक्टरांना खरं सांगा. बायकोसमोर सांगता येत नसेल तर तिला जरा बाहेर बसायला सांगा, मी तसंच करते.

पाचवी: दोन माणसांची परीक्षा

यालाही पैसे लागत नाहीत. डोळे मिटून आडवं व्हायचं. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना अलगद स्पर्श करायचा. एकदोन सेकंद, न दाबता, न घासता, क्रम बदलत. दोन्ही पाय मिळून सहा जागा. स्पर्श झाला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहांपैकी दोन किंवा अधिक चुकल्या तर पायाची संवेदना कमी झालेली आहे, असं धरून डॉक्टरांकडे जायचं.

लईराई देवीचा एक धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा व्रतस्थ भक्त, एकदा मला अभिमानाने म्हणाला, यंदा होमकुंडातून चालताना काहीच जाणवलं नाही. देवीची कृपा आहेच, त्यावर मी बोलणारी कोण. पण त्याला सहा वर्षांचा मधुमेह होता म्हणून मी ही परीक्षा घेतली. सहांपैकी त्याला दोनच जागा कळल्या. आदल्या वर्षी त्याचे पाय रात्री जळायचे, ते या वर्षी आपोआप ‘बरे’ झाले होते. उपचार न करता जळजळ थांबली तर आनंद मानू नका. जळणारी नस निदान जिवंत असते आणि ओरडत असते.

जोडीला तीन छोट्या गोष्टी. भिंतींच्या कोपऱ्यात, पाय जुळवून, शेजारी कोणाला तरी उभं करून डोळे मिटा. डोलायला होतं का? टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एका बाजूला जमत नसेल तर ताकद गेली आहे आणि घरगुती तपासणी इथे संपली. घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने टकटक करा. तळव्यात करंट गेल्यासारखं झालं तर तिथला बोगदा अरुंद झालेला असू शकतो.

चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर फरक असा ओळखा. थांबून नुसतं उभं राहिल्यावर दोन-चार मिनिटांत बरं वाटतं, तर रक्तवाहिनीकडे बघा. उभं राहून चालत नाही, वाकावं किंवा बसावं लागतं, चढ चढताना त्रास कमी आणि उतरताना जास्त, तर मणक्यातली जागा अरुंद झाली असण्याची शक्यता मोठी.

सहावी: रक्त

दोन्ही पायांवर मोज्यासारखी रेघ आली असेल तर खरं म्हणजे इथे लगेच या. मधल्या पायऱ्यांवर महिना घालवू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. म्हणजे साधारण चारांत एक. त्यामुळे गोव्यात जळणारा पाय दिसला की मी साखर आधी धरते.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ किंवा जास्त, हा मधुमेह. डॉक्टर बहुधा दुसऱ्यांदा तपासून पक्कं करतात. उपाशी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, आणि पाय उंबरठ्यावरही जळू लागतात. ‘थोडीशीच आहे’ म्हणून सोडू नका. लोह कमी असलेल्या बायकांत एचबीएवनसी उगाच चढलेला दिसू शकतो, म्हणून उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन सोबत हवंच.

बी-१२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. दोनशे ते तीनशे म्हणजे संशयाची जागा, तिथे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. लोक मला विचारतात, आम्ही मासे खाणारे, आम्हाला कसली कमतरता? बांगडा, तारले आणि विशेष करून तिसऱ्या (शिंपले) यांत बी-१२ भरपूर असतं हे खरं. पण ते पोटात शोषलं गेलं पाहिजे, आणि वय, गोळ्या, पोटाचे आजार तिथेच आडवे येतात. उलट श्रावणात महिनाभर मासे सोडले म्हणून पाय बधिर झाले, हेही खरं नाही. यकृतातला साठा वर्षानुवर्षे पुरतो. बारा महिने तेरा काळ शुद्ध शाकाहारी असणाऱ्यांनी मात्र तपासावं. इथे क्रम महत्त्वाचा: आधी रक्त द्यायचं, मग बी-१२ चं इंजेक्शन. उलट केलं तर आकडा छान येतो आणि कारण कायमचं झाकलं जातं. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या खाऊनही अशीच फसगत होते. रक्त सुधारतं, नस बिघडत राहते.

थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि साधी रक्तगणना यांवर लांबण लावत नाही. करून घ्या.

एक पेच सांगून ठेवते, कारण यात लोक इन्सुलिन सोडतात. खूप चढलेली साखर औषधांनी दोन-तीन महिन्यांत झपाट्याने खाली आणली की काहींचे पाय तेव्हाच जळायला लागतात, आधीपेक्षा जास्त. ‘इन्सुलिनने पाय जाळले’ अशी ठाम समजूत होते. नसांना तो वेगाने झालेला बदल झेपत नाही. हे बहुतेकांत काही महिन्यांत हळूहळू कमी होतं. औषध बंद न करता डॉक्टरांना सांगा.

सातवी: महागड्या तपासण्या

हे न्यूरॉलॉजिस्टने ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणी जाड नसा तपासते. उष्णता आणि जळजळ वाहून नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या या चाचणीत येतच नाहीत. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला आणि पाय जळतच राहिले, तर तुम्ही नाटक करत नाही. अहवाल घेऊन परत जा. एमआरआय एका पायावरच्या पट्ट्यासाठी, ताकद गेली असेल तर किंवा सहा आठवड्यांत कंबर-पाय सुधारला नाही तर.

तोवर रात्री काय करायचं

गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवू नका. मीठ घालून नाही, वावडिंग घालून नाही. बधिर पायाला गरम किती हे कळत नाही आणि मी अशा बादलीतून उठलेले फोड पाहिलेत. पाणी कोपराने तपासा. बर्फही थेट लावू नका. थंड पाण्याने पाय धुवा, पुसा, पंख्याखाली ठेवा. पांघरूण टोचत असेल तर खाटेच्या पायथ्याशी उशा रचून त्यावर टाका, म्हणजे पायांना लागणार नाही. दुपारी देवळाच्या प्रांगणात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाणं टाळा. सकाळी किंवा तिन्हीसांजेला जा.

डॉक्टर प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलीन देतील. यांनी वेदना कमी होते, नस नवी होत नाही. मात्रा हळूहळू वाढवतात, गुंगी येते, म्हाताऱ्या माणसांना रात्री न्हाणीकडे जाताना तोल जातो. शेजाऱ्याच्या पट्टीतली एक घेऊन बघायचं हे औषध नव्हे, आणि एकदम बंद करायचंही नव्हे. नस सावरते ती कारण दूर झाल्यावर, आणि तीही दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या हिशेबाने. दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका.

माझं काम तोल सावरण्याचे व्यायाम, बूट, दबलेली नस मोकळी करणं इथपर्यंत. रेघ दोन्ही पायांवर असेल, सहांतल्या दोन जागा चुकल्या असतील, ताकद कमी असेल किंवा चार आठवड्यांत काहीच हललं नसेल, तर माझ्यासारख्यांकडे येण्याआधी डॉक्टर.

जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला, जुने अहवाल घ्या आणि पायावरच्या रेघेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. महिन्याने परत आखा. रेघ वर सरकली असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. आणि फोटो अंघोळीच्या आधी काढा, बॉलपेन साबणाने निघून जातं.